दुखेल तो आपला: नवशिक्यांसाठी स्नायूपरिचय

ही मार्गदर्शिका कोणासाठी? ज्याने शेवटचा सूर्यनमस्कार शाळेच्या मैदानावर घातला, ज्याची पस्तिशी उलटून गेली आहे आणि जो अजूनही ‘आपली बॉडी एकेकाळी बरी होती’ असे चारचौघांत सांगतो, अशा कोणाही नाशिककरासाठी. तुमच्या हाडांवर जन्मापासून सहाशेहून अधिक स्नायू बसवलेले आहेत. तुमच्या वजनाचा साधारण चाळीस टक्के भाग त्यांचा, बायकांच्या बाबतीत थोडा कमी. यांपैकी किती जणांशी तुमची ओळख आहे? दंडावरची बेटकुळी, थंडीत गोळा येणारी पोटरी आणि उसण भरली की आठवणारी कंबर. पोट धरू नका. बाहेरून जे दिसते ते पोटाच्या स्नायूंवरचे आच्छादन आहे.

ओळख करून घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला वैद्यकीय. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. तिथून पदवी मिळवणारी मुले पहिल्या वर्षी दान केलेल्या देहावर एकेक स्नायू सोडवून बघतात आणि त्यांची लॅटिन नावे घोकतात. या मार्गासाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दुसरा मार्ग सागवानी आहे. तेल लावलेल्या एका उभ्या खांबाला मिठी मारायची, घसरायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना जे जे दुखेल त्याचे नाव विचारायचे. या पद्धतीत पाठांतर लागत नाही. स्नायू स्वतःहून हजेरी देतात.

साहित्य

मल्लखांब, एक नग. सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीत पुरलेला, वर अडीच मीटरहून थोडा जास्त. बुंध्याशी घेर पंचावन्न सेंटीमीटरच्या आसपास, वर जाताना निमुळता, शेवटी मान आणि मानेवर बोंड. तो घरी बसवू नये. सोसायटीच्या वार्षिक सभेत तर हा विषय काढूच नये, कारण चर्चा खांबावरून पार्किंगवर जाईल आणि तिथून परत येणार नाही. जिथे तो आधीच पुरलेला आहे तिथे जावे: महात्मा गांधी रोडवरची यशवंत व्यायामशाळा म्हणा, नाहीतर घराजवळची एखादी तालीम.

एरंडेल. खांबाला लावायला, म्हणजे लाकडाच्या घासण्याने कातडी सोलवटत नाही. हेच तेल पोटात गेले तर आतड्यांच्या स्नायूंना जोरात कामाला लावते. तो धडा या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

गादी, शिक्षक आणि रांग. शिक्षकाशिवाय खांबाला हात लावायचा नाही, हे गमतीने सांगत नाही. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचे दुखणे असेल तर उलटे होण्याआधी डॉक्टरांना विचारा. रांगेत तुमच्या पुढे-मागे आठ ते बारा वर्षांची मुले असतील. ती तुम्हाला ‘काका, तुमचा नंबर’ म्हणतील. यात आदर कमी आणि घाई जास्त असते. मनाला लावून घेऊ नका.

नाशिककरांचा हक्क

इतर गावच्या माणसाने मल्लखांब शिकला तर तो व्यायाम. नाशिककराने शिकला तर ती वडिलोपार्जित मालमत्तेची वसुली. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो, पण पुढे ही विद्या मागे पडली. तिला परत उभे केले बाळंभटदादा देवधरांनी. जन्म १७८०, गाव निफाड तालुक्यातले कोठुरे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्याला आले, त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान टाकले आणि ते घ्यायला कोणी पुढे होईना. कोवळ्या वयाच्या बाळंभटाने विडा उचलला, तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि तो वणीच्या सप्तशृंगी गडावर अनुष्ठानाला बसला. तिथे मारुतीने वानररूपात येऊन लाकडी खांबावर त्याला डाव शिकवले, अशी कथा सांगतात. अली चीत झाला आणि गुलाबने हार मानली, हेही कथेतच.

शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिले तर या कथेतली सगळ्यात पटणारी गोष्ट म्हणजे वानर. झाडावर राहणाऱ्या प्राण्याचे सगळे बळ पकडण्यात आणि ओढण्यात असते, आणि पैलवानालाही तेच हवे असते. खांब हा न दमणारा, न चिडणारा प्रतिस्पर्धी. (मारुतीचा जन्म अंजनेरीचा की किष्किंधेचा, यावर २०२२ मध्ये नाशकात शास्त्रार्थ भरला होता. तो शास्त्रापेक्षा कोणी कुठे बसायचे यावरूनच जास्त गाजला. आपण त्यात पडायचे नाही. खांब दोन्ही पक्षांना सारखाच निसरडा आहे.) पुढे १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यात मल्लखांब होता. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी मराठीत ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड काढले, त्यातही तो सविस्तर आहे. नवशिक्याने एवढ्यात ते खंड आणू नयेत. उचलताना कंबर धरेल.

पायरी शून्य: आरशाकडे पाठ करा

कॉलेज रोडवरच्या कुठल्याही जिममध्ये चार भिंती आरशांच्या असतात. त्यामुळे आरशात दिसतात त्या स्नायूंची चंगळ होते: छाती, खांदे आणि अर्थातच बेटकुळी. तालमीत आरसा नसतो, खांब असतो, आणि तो बेटकुळी बघत नाही. नवशिक्याने पहिल्याच दिवशी पक्के करायचे ते हे की दिसणारे स्नायू आणि राबणारे स्नायू यांची यादी वेगवेगळी असते.

स्नायूला एकच काम येते, ओढणे. ढकलणे त्याला येतच नाही. बँकेचे जड दार तुम्ही ढकलता तेव्हासुद्धा दंडामागचा ट्रायसेप्स कोपराचे हाड मागून ओढत असतो, म्हणून हात सरळ होतो. कोपर वाकवायला पुढचा बायसेप्स, सरळ करायला मागचा ट्रायसेप्स. एकाने ओढले की दुसऱ्याने सैल सोडायचे. म्हणून अंगातले बहुतेक स्नायू जोडीने नाहीतर टोळीने बसवलेले आहेत, आणि जोडीतला एकच पोसला की सांधा कुरकुरतो.

ओढण्याची आतली तऱ्हा बघण्यासारखी आहे. स्नायूच्या प्रत्येक तंतूत दोन प्रकारचे धागे असतात, ॲक्टिन आणि मायोसिन. मायोसिनला बारीक बारीक मुंडकी असतात. ती ॲक्टिनला धरतात, खेचतात, सोडतात आणि पुढे पकडतात. रस्सीखेचीत गडी दोर हाताखाली घेत जातात तसे. यात एक गंमत आहे. आपल्याला वाटते, धरायला जोर लागतो, सोडायला काय लागते? इथे उलट आहे. मुंडक्याने धरलेला धागा सोडायचा तर त्याला एटीपी नावाचे इंधन मिळावे लागते. माणूस गेला की इंधन संपते, मुंडकी आहेत तिथेच धरून राहतात, आणि काही तासांत देह ताठ होतो. जिवंत माणसाने सैल पडणे हेसुद्धा खर्चाचे काम आहे, हे दुपारी झोपणाऱ्यांनी घरच्यांना सांगायला हरकत नाही.

पायरी एक: पकड

खांबासमोर उभे राहा. दोन्ही हातांनी कवळ घाला. आता पाय उचला. खाली आलात? प्रत्येकजण येतो.

बोटे दमली असे तुम्ही म्हणाल. बोटे दमत नाहीत, कारण बोट हलवणारा एकही स्नायू बोटात नाही. काही लहानसे तळहातात आहेत. पण पकडीचा खरा जोर कोपर आणि मनगट यांच्यामधल्या मांसल भागात. तिथून लांबलचक कंडरा मनगटाच्या बोगद्यातून जाऊन बोटांच्या पेरांना बांधलेल्या आहेत. खात्री करायची तर डावा पंजा उजव्या कोपराच्या खाली ठेवा आणि उजव्या हाताची बोटे पेटी वाजवल्यागत हलवा. हालचाल बोटांत दिसेल, वळवळ पंजाखाली लागेल. खांबाला घट्ट धरून राहिलात की हेच स्नायू आवळलेल्या अवस्थेत राहतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, नवे रक्त पुरेसे येत नाही, आणि मिनिटाच्या आत हात भरून येतो.

आता घरगुती प्रयोग. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक ताठ दोरी वर उठली का? ती पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची कंडरा. उठली तर कॉलर ताठ करू नका, नाही उठली तर घाबरू नका. कित्येकांना हा स्नायू एका हातात किंवा दोन्ही हातांत जन्मतःच नसतो आणि पकडीला काही फरक पडत नाही. शल्यचिकित्सकांचा तो आवडता आहे, कारण दुसरीकडची तुटलेली कंडरा जोडायची असेल तर इथली बिनदिक्कत काढून वापरता येते. मनगटावर सगळ्यांत ठळक दिसणारी दोरी म्हणजे सुटा भाग निघाला. पायरी शून्य वाया गेली नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

पायरी दोन: वर जाणे

नवशिका हाताने चढायला बघतो. म्हणून तो नवशिका. हातांनी वर ओढायचे काम मुळात हातांचे नाही, पाठीचे आहे. बगलेच्या मागून सुरू होऊन कमरेपर्यंत पसरलेला रुंद स्नायू, ज्याला जिमवाले लॅट्स म्हणतात, तो दंडाचे हाड खाली ओढतो आणि म्हणून अंग वर जाते. पण पाठीने ओढले तरी निम्मेच भागते. खरी भिस्त मांड्यांवर.

हे नौकानयनात फार चांगले दिसते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी वल्हवण्यात तेरावा आला. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात त्या भागातला मुलगा लष्करात गेला आणि पाण्यावर नाव काढून आला. टीव्हीसमोर बसलेला प्रत्येकजण त्याचे दंड बघत होता. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यातला मोठा जोर असतो पायांचा: सरकत्या बैठकीवर गुडघे सरळ करत अंग मागे रेटायचे, हातांचे काम बरेचसे शेवटी.

मल्लखांबावर तीच गोष्ट मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंची. पाच भाऊ आहेत. इंग्रजी पुस्तकांत त्यांना ॲडक्टर्स म्हणतात, आणि त्यांतला थोरला शरीरातल्या मोठ्या स्नायूंपैकी एक आहे. त्यांचे काम दोन्ही मांड्या एकमेकींकडे ओढायचे. आरशासमोर यांना कोणी आवळून दाखवत नाही, यांचा फोटो काढून स्टेटसला ठेवत नाही. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला यांची गरज जवळजवळ पडतच नाही. खांबावर मात्र हात सुटला तरी मांड्या धरून ठेवतात. पहिल्या आठवड्यानंतर रिक्षातून उतरताना तुम्ही जे विचित्र चालाल, ते या पाच जणांचे ओळखपत्र समजा.

दरम्यान तुमच्या पुढची तिसरीतली मुलगी चार हातांत बोंडावर पोचलेली असेल. खचू नका, हिशेब तुमच्या विरुद्ध आहे. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो. वजन मात्र घनफळावर. माणूस उंचीने दुप्पट झाला तर जोर चौपट होतो आणि वजन आठपट. त्यात तुमच्या वजनातला काही वाटा गेल्या दिवाळीचा.

एक दिलासा मात्र खरा. पहिल्या काही आठवड्यांतच तुम्हाला जोर वाढल्याचे जाणवेल आणि दंड मोजले तर फीत तेवढीच दाखवेल. स्नायू वाढलेला नसतो. मज्जातंतू शहाणे झालेले असतात. एकेक मज्जातंतू स्नायूच्या तंतूंचा एकेक गट सांभाळतो. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत असा गट दहा-वीस तंतूंचा, पोटरीत तो हजाराच्या पुढे. म्हणून नजर नेमकी वळते आणि लाथ ढोबळ बसते. अननुभवी मेंदू खांबावर कित्येक गटांना उठवायचेच विसरतो आणि उरलेल्यांना चुकीच्या वेळी उठवतो. कोपर वाकवायचे असताना सरळ करणाऱ्यालाही ताणून धरतो. सरावाने आधी हा गोंधळ मिटतो. मांस नंतर येते, आणि येते तेव्हाही तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, आहेत तेच जाड होतात.

पायरी तीन: अढी

इथे डोके खाली आणि पाय वर. खांब दोन्ही मांड्यांत आवळलेला, पावलांची पकड वर, आणि शिक्षक म्हणाले की हात सोडायचे. ‘सर, धरलंय ना?’ हे वाक्य तालमीतल्या प्रत्येक प्रौढ नवशिक्याने म्हटलेले आहे. उत्तर बहुतेकदा ‘तुम्हीच धरलंय’ असे येते, आणि ते खरे असते.

उलटे लटकताना पाय कसा आवळला आहे ते तुम्हाला दिसत नाही, तरी कळते. प्रत्येक स्नायूत आपण किती ताणलो गेलो आहोत हे मोजणाऱ्या बारीक चात्या असतात, आणि त्या मेंदूला सतत कळवत राहतात. डोळे मिटून नाकाला बोट लावता येते ते त्यांच्यामुळे. पाच भाऊ तर कामाला आहेतच. त्यांच्या जोडीला मांडीवरून तिरका जाणारा, खुब्याच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या आतल्या अंगाला पोचणारा सार्टोरियस असतो. शरीरातला सगळ्यांत लांब स्नायू. पंगतीत मांडी घालून बसताना तो रोज राबत असे. डायनिंग टेबल आल्यापासून त्याला काम उरलेले नाही.

श्वास मात्र कोंडल्यागत वाटेल. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आहे. तुम्ही उभे असताना तो खाली सरकतो आणि फुप्फुसांत हवा येते. उलटे झालात की यकृत, जठर, आतडी हा सगळा संसार त्याच्यावर येऊन बसतो, आणि प्रत्येक श्वासाला त्याला तो उचलावा लागतो. म्हणून श्वास धरून न ठेवता लहान लहान घ्यावा.

इथेच मिसळीचा प्रश्न येतो. नाशकात तो कुठेही येतो. रविवारी सकाळी आधी मिसळ आणि मग तालीम, की उलट? पापड मोडून रश्शात बुडवणे, चावणे आणि गिळायला सुरुवात करणे, एवढेच तुमच्या हातात. अन्ननलिकेचा वरचा भाग हाडाला जोडलेल्या स्नायूंच्या जातीचा आहे, खाली जाता जाता गुळगुळीत स्नायू सुरू होतात आणि त्यांच्यावर तुमचा काडीचा अधिकार नाही. ते लाटेने घास पुढे सरकवतात. त्यासाठी गुरुत्वाकर्षणाची मदत लागत नाही, म्हणजे अढीत लटकून पाण्याचा घोट घेतलात तरी तो जठराकडे वर चढेल. पण जठराच्या तोंडाशी आवळून बसलेले स्नायूचे कडेही त्याच स्वयंभू जातीचे. तर्रीने भरलेले जठर त्याच्यावर उलटे टेकवून त्याची परीक्षा बघू नये. आधी तालीम. मिसळ कुठे जात नाही.

पायरी चार: उतरणे

सगळ्यांत सोपी वाटणारी ही पायरी सगळ्यांत महाग पडते. सप्तशृंगीच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या चढताना दम लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या बऱ्याचशा उतरण्यामुळे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत काम करतो. उतरताना तो आवळलेलाही असतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. ब्रेक लावल्यावर गाडी पुढे सरकत राहावी, तशी त्याची ओढाताण होते. असे ओढलेले काही सूक्ष्म धागे विस्कटतात. लगेच काही कळत नाही. सूज आणि दुरुस्ती सुरू झाली की एका दिवसाने दुखायला लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते.

याला आपल्याकडे अंग आंबणे म्हणतात, आणि जिममध्ये कोणीतरी हमखास सांगतो की लॅक्टिक ॲसिड साचलेय, चोळून काढ. ते ॲसिड व्यायाम थांबवल्यावर तासा-दीड तासात रक्तातून निघून गेलेले असते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदवता येत नाही. चोळल्याने बरे वाटते तेवढे वाटू द्यावे. त्याहून चांगली बातमी अशी की एकदा असे दुखून गेले की पुढचे काही आठवडे तेच काम केले तरी तितके दुखत नाही. स्नायू त्या ताणाची तयारी करून ठेवतो. दर चैत्रात गडावर जाणाऱ्याला वर्षभरात हे संरक्षण संपवून नव्याने दुखावे लागते. महिन्याला जाणाऱ्याचा बराच त्रास वाचतो. आता गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाली आहे. तिने चढावे आणि पायऱ्यांनी उतरावे असे सुचवणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही, हे आता तुम्हाला कळेल.

तेव्हा खांबावरून धप्पकन सुटू नका. आवळत, सावकाश उतरा. दुखेल, पण ते शिकण्याचे दुखणे.

नेहमीच्या तक्रारी

रात्री पोटरीत गोळा येतो. ओरडण्याआधी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढा. ताणले की गोळा सुटतो. कांदा हुंगवण्याचा याच्याशी काही संबंध नाही, लासलगाव कितीही जवळ असले तरी.

पहाटे थंडी फार असते. असणारच, महाराष्ट्रातले नीचांकी तापमान हिवाळ्यात कितीदा तरी निफाडचे असते, आणि निफाड तालुका म्हणजे बाळंभटदादांचा मुलूख. हुडहुडी भरली तर ती स्नायूंचीच शेगडी समजा. स्नायू जेवढे इंधन जाळतो त्यातले चौथाईच्या आसपास कामी येते, बाकी उष्णता होऊन जाते. काम नसताना नुसती उष्णता हवी असेल तेव्हा शरीर स्नायूंना थरथरायला लावते. त्याआधी अंगावर काटा येतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म स्नायू केस उभा करतो. अंगभर दाट लव असलेल्या पूर्वजांना त्याने ऊब मिळत असेल. आपल्याला फक्त काटा दिसतो.

माझे स्नायू वेगाचे आहेत की दमाचे? दोन्ही जातींचे तंतू प्रत्येकाकडे असतात, प्रमाण वेगळे. दमाचे तंतू गडद, प्राणवायू साठवणारे, सावकाश आणि न थकणारे. वेगाचे फिकट, जोरदार आणि लवकर ढेपाळणारे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्य मिळवले, ते दमाच्या तंतूंचे राज्य. मल्लखांबात उडी वेगाची आणि धरून राहणे दमाचे, म्हणून दोन्ही लागतात. आपण कोणत्या जातीचे आहोत हे अजून कळत नसेल तर घाई नाही; आधी खांबावर टिकून दाखवा.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटणे. हा स्नायू दुखून ओळख करून देतो म्हणून वाट बघायची नाही. हृदय दिवसाला लाखभर वेळा आखडते आणि सुट्टी घेत नाही. ते बोलले की खांब सोडून रुग्णालय गाठायचे.

या पद्धतीत न बसणारे

‘दुखेल तो आपला’ या नियमाला अपवाद आहेत, आणि प्रामाणिक मार्गदर्शिकेने ते सांगावेत. हाडांना बांधलेल्यांतला सगळ्यांत लहान स्नायू कधी दुखत नाही. तो कानात, हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांपैकी रिकिबीला बांधलेला आहे आणि लांबी जेमतेम अर्धा सेंटीमीटर. मोठा आवाज झाला की तो आवळतो, रिकिबीला धरून ठेवतो आणि आतल्या नाजूक भागाकडे जाणारा दणका कमी करतो. विसर्जन मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या ताफ्यामागे चालताना तुमच्या अंगातला हा स्नायू ढोलवाल्याच्या खांद्याइतकाच राबत असतो. पण त्याला आवळायला क्षणाचा काही भाग लागतो, म्हणून अचानक पडलेला पहिला ठोका त्याच्या हातून निसटतो. कानात कापूस घालावा.

आणखी एक म्हणजे, माणूस स्वतः बोलायला लागतो त्याच्या किंचित आधी हा स्नायू आवळला जातो. आपला आवाज आपल्याला कमी लागावा अशी निसर्गाने केलेली सोय. तालमीतला पहिला महिना पार पडल्यावर तुम्ही घरी, ऑफिसात आणि लग्नाच्या पंगतीत अढीचे वर्णन करू लागाल तेव्हा ही सोय फक्त तुमच्यापुरती आहे, हे ध्यानात ठेवा. ऐकणाऱ्यांच्या कानांना ती नाही. त्यांच्यासाठी आवाज बेताचा ठेवावा, आणि बेटकुळी काढून दाखव म्हणाले तर मांडीच्या आतल्या पाच भावांची ओळख सांगून वेळ मारून न्यावी.